ओळख पटल्याशिवाय रक्षण नाही : सह्याद्रीतील काळ्या खापरखवल्याच्या निमित्ताने



सह्याद्रीच्या जंगलात जमिनीखाली राहणारा एक लहान, बिनविषारी, काळा साप हा आजचा विषय आहे. २०१६ पर्यंत त्याला स्वतःचे नाव नव्हते. तो लोकांच्या नजरेला पडत होता, अभ्यासकांच्या हाती लागत होता, संग्रहालयांच्या बाटल्यांतही होता. पण दुसऱ्याच एका सापाच्या नावाखाली. माझे म्हणणे थोडक्यात असे, की एखाद्या जीवाची नेमकी ओळख पटवणे हे हौशी पंडितांचे फावल्या वेळचे काम समजले जाते, आणि आपल्या निसर्गरक्षणातली सगळ्यात मोठी उणीव या समजुतीतून आली आहे. ओळख पटली नाही तर रक्षण कशाचे करायचे, कुठे करायचे आणि किती निकडीने करायचे, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

हा विषय पुण्याजवळच्या मांजरीतल्या या व्याख्यानात मांडायला कारण आहे. १९७५ साली सुरू झालेली आणि आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी संस्था इथेच आहे आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही इथेच. या परिसरातल्या एखाद्या जुन्या बागाईतदाराला ‘ऊस म्हणजे ऊस, त्यात काय एवढे बघायचे’ असे सांगून पाहा. कोसी ६७१ लवकर तयार होतो आणि उतारा चांगला देतो, को ८६०३२ ची लागण राज्यभर का पसरली, फुले २६५ चोपण-क्षारपट रानातही का तग धरतो, हे तो तुम्हाला तोंडपाठ सांगेल. बेणे ओळखण्यात चूक झाली तर अख्खे वर्ष हातचे जाते, हे त्याला पक्के ठाऊक असते. पिकाच्या बाबतीत जो काटेकोरपणा आपल्या अंगवळणी पडला आहे, तो रानातल्या जीवांच्या बाबतीत मात्र आपण अनावश्यक ठरवतो.

आधी सापाची ओळख करून घेऊ. मराठीत ज्यांना खापरखवल्या म्हणतात त्या सापांचे एक स्वतंत्र कुळ आहे, युरोपेल्टिडे. त्यात साठाहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या भारतीय द्वीपकल्प आणि श्रीलंका एवढ्याच प्रदेशात आढळतात. जगातल्या तिसऱ्या कोणत्याही देशात या कुळाचा एकही साप नाही. वाघ सायबेरियात आहे, हत्ती आग्नेय आशियात आहे. खापरखवल्या मात्र आपण आणि श्रीलंका मिळूनच सांभाळायचा आहे. बहुतेक खापरखवल्यांचे डोके निमुळते, डोळे बारीक आणि शेपूट तिरके छाटल्यासारखे बोथट असते. शेपटीच्या टोकावरच्या खरबरीत खवल्यावर माती बसते आणि बिळात मागून येणाऱ्या शत्रूसाठी तिथे बूच तयार होते. साप धोक्यात आला की डोके वेटोळ्याखाली लपवून शेपूट पुढे करतो. म्हणूनच गावोगाव याला दुतोंड्या समजतात, आणि मांडुळाशी त्याची गल्लत झाली की त्याच्या जिवावर बेतते, कारण मांडुळाच्या तस्करीचा धंदा अजून थांबलेला नाही.

त्याची शरीररचना तर थक्क करणारी आहे. कार्ल गान्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात या सापांच्या हालचालींचा बारकाईने अभ्यास केला. इतर सापांप्रमाणे सगळे शरीर नागमोडी वळवून हा साप माती फोडत नाही. शरीराच्या पुढच्या भागात कातडीच्या आतल्या आत पाठीचा कणा वळ्या घेतो, तेवढा भाग फुगून बिळाच्या भिंतींना घट्ट टेकतो आणि त्या आधाराने डोके पुढे रेटले जाते. त्यासाठी पुढच्या भागाचे स्नायू दीर्घकाळ काम करू शकतील असे घडलेले असतात. मागचा भाग नुसता ओढला जातो. खवल्यांवर सूक्ष्म रेघा असल्याने ओली माती अंगाला चिकटत नाही आणि त्याच रेघांवर प्रकाश पडला की काळ्या अंगावर निळी-जांभळी झाक उमटते. गांडुळे हे त्याचे मुख्य अन्न. तो अंडी घालत नाही, मोजक्याच पिलांना जन्म देतो. त्याला विष नाही, आणि हातात घेतला तरी तो सहसा चावायला धजत नाही. ओल टिकवणारी, पालापाचोळ्याने झाकलेली, गांडुळांनी भरलेली भुसभुशीत माती एवढीच त्याची गरज आहे. पण ती गरज तडजोड करता येण्यासारखी नाही.

या कुळात मेलॅनोफिडियम नावाचा एक छोटा वंश आहे. हे सगळे काळे साप. त्यांच्या शेपटीवर बाकी बहुतेकांसारखी खरबरीत खवल्याची ढालही नसते. ब्रिटिश काळात मद्रास वनखात्यात काम करणारा रिचर्ड बेडोम हा अधिकारी वनस्पती आणि सरपटणारे प्राणी या दोहोंचा जाणकार होता. त्याने १८७१ मध्ये दक्षिणेकडच्या डोंगरांतून यातल्या एका जातीचे वर्णन केले, मेलॅनोफिडियम पंक्टॅटम. पुढे उत्तरेकडे तसाच काळा साप दिसला की त्याला हेच नाव दिले गेले. दक्षिण महाराष्ट्र, गोवा, उत्तर कर्नाटक, सगळीकडचा साप पंक्टॅटमच. अशा रीतीने कागदावर एक जाती तयार झाली, जी केरळच्या टोकापासून सिंधुदुर्गापर्यंत शेकडो किलोमीटर पसरलेली होती. ज्याचा पसारा एवढा मोठा त्याची काळजी करण्याचे कारण कुणाला वाटावे?

२०१६ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले डेव्हिड गॉवर आणि मार्क विल्किन्सन, तसेच आपल्याकडचे वरद गिरी आणि पुण्याचे अशोक कॅप्टन यांनी या वंशाची नव्याने तपासणी केली. उत्तरेकडचे सात नमुने पायाभूत धरून त्यांनी दाखवून दिले, की इथला साप पंक्टॅटम नाही, वेगळा आहे. १८७१ नंतर या वंशात पडलेली ही पहिली भर. त्याला त्यांनी मेलॅनोफिडियम खैरेई हे नाव दिले, नीलिमकुमार खैरे यांच्या सन्मानार्थ. १९८० मध्ये पुण्यात काचेच्या खोलीत बहात्तर विषारी सापांसोबत बहात्तर तास काढणारे म्हणून खैरे यांचे नाव घरोघर पोचले. सापाला डिवचले नाही तर तो माणसाच्या वाटेला जात नाही, हे त्यांना लोकांच्या डोळ्यांसमोर सिद्ध करायचे होते. कात्रजचे सर्पोद्यान उभे करून आणि मराठीत पुस्तके लिहून त्यांनी पुढच्या पिढ्यांना साप ओळखायला शिकवले. साप दिसला की आधी काठी शोधणाऱ्या समाजात ‘हा कोणता साप?’ हा प्रश्न विचारायची सवय लावणे ही मोठी सामाजिक कामगिरी आहे, आणि एका दुर्लक्षित सापाला त्यांचे नाव मिळाले यात मला औचित्य दिसते.

आता या नव्या नावाने नेमके काय बदलले ते पाहा. जंगल तेच, साप तोच, त्याची संख्याही तीच. पण कालपर्यंत विस्तीर्ण पसारा असलेली एक जाती होती. आज दोन आहेत आणि दोघींचा पसारा पहिल्यापेक्षा बराच लहान आहे. सिंधुदुर्गातली एखादी डोंगरसोंड जेसीबीने सपाट झाली तर कालच्या हिशेबाने ते एका दूरवर पसरलेल्या सापाचे किरकोळ नुकसान होते. आजच्या हिशेबाने, उत्तर पश्चिम घाटाबाहेर कुठेही नसलेल्या सापाच्या मोजक्या ठिकाणांपैकी एक ठिकाण नष्ट होते. चुकीच्या नावामुळे आपण तोट्याचा आकडाच चुकीचा मांडत होतो.

हा एकच अपवादात्मक दाखला आहे असे कुणाला वाटेल, म्हणून दुसरा देतो, आणि तो आपल्याच पुणे जिल्ह्यातला आहे. १८६४ मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या आल्बर्ट गुंथर यांनी एका खापरखवल्याला बायकॅटेनाटा हे नाव दिले. तो कुठून आला याची नोंद होती एका शब्दाची : दख्खन. एवढ्या मोठ्या पठारावर साप नेमका कुठे शोधायचा? पुढे या सापाला युरोपेल्टिस सिलॅनिका या जातीतच विलीन करून टाकले गेले. त्या सिलॅनिकाची कथाही अशीच आहे. तिच्या नावात सिलोन आहे, पण ती श्रीलंकेत आढळतच नाही. ती दक्षिण भारतातली. कुणीतरी कधीकाळी मूळ ठिकाण चुकीचे नोंदले आणि ती चूक नावात कायमची रुतून बसली. बायकॅटेनाटाला स्वतःची जागा परत मिळाली ती २००८ मध्ये, गॉवर, कॅप्टन आणि ठाकूर यांच्या अभ्यासाने, आणि त्यासाठी आधार ठरले भीमाशंकर परिसरातले साप. मांजरीजवळून वाहणारी मुळा-मुठा ज्या भीमेला जाऊन मिळते, तिच्या उगमाजवळचा हा साप सुमारे दीडशे वर्षे ‘दख्खन’ या एका शब्दात हरवलेला होता. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये शेकरूसाठी जाहीर झाले आणि ते योग्यच झाले. पण त्याच झाडांखालच्या मातीत काय आहे याची दखल घ्यायला आणखी दोन तपे जावी लागली.

यावर पहिला आक्षेप कायद्याच्या बाजूने येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिलेलेच आहे, मग नाव खैरेई असो की पंक्टॅटम, काय फरक पडतो? फरक असा पडतो, की हा कायदा साप मारायला, पकडायला, विकायला बंदी करतो. मातीत राहणाऱ्या सापाला सहसा कुणी मारायला जात नाही. त्याची जागा जाते. जागा वाचवायची तर ती अमुक एका जीवासाठी महत्त्वाची आहे हे दाखवावे लागते, आणि ते नावाशिवाय दाखवता येत नाही. सिंधुदुर्गातल्या आंबोलीतच याचा धडधडीत पुरावा आहे. हिरण्यकेशीच्या मंदिराजवळच्या कुंडातला एक लहानसा मासा २०२० मध्ये नवी जाती म्हणून नोंदला गेला, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, महाराष्ट्र सरकारने २.११ हेक्टरचा तो परिसर जैवविविधता कायद्याखाली वारसास्थळ म्हणून जाहीर केला. मासा त्याआधीही तिथेच पोहत होता. नाव मिळाल्यावर शासनाला त्याच्यासाठी काही करता आले.

दुसरा आक्षेप अभ्यासकांवरच संशय घेतो : एका जातीच्या दोन करणे, दोनाच्या चार करणे, हा निव्वळ नाव लावण्याचा सोस नव्हे काय? हा संशय अगदी निराधार म्हणता येणार नाही. एखाददुसऱ्या नमुन्यावर घाईने नवी जाती उभी केल्याचे आणि ती नंतर रद्द झाल्याचे दाखले प्राणिशास्त्राच्या इतिहासात भरपूर आहेत. पण रद्द होते यातच या शास्त्राचे बळ आहे. नवी जाती जाहीर करताना प्रमाण नमुने ओळखक्रमांकासह एखाद्या संग्रहात ठेवावे लागतात, लक्षणे मोजून छापावी लागतात, जवळच्या जातींशी तुलना करावी लागते. ज्याला पटत नाही त्याने संग्रहात जावे, तेच साप हातात घ्यावेत, खवले पुन्हा मोजावेत आणि आपले मत छापावे. बायकॅटेनाटाचे नाव आधी विलीन झाले आणि मग परत उभे राहिले, ते याच खुल्या तपासणीतून.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण तो माणसांच्या मृत्यूंविषयी आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. मरणारे बहुतेक खेड्यातले, शेतात राबणारे. अशा देशात निरुपद्रवी सापाच्या खवल्यांची मोजणी करत बसणे हा चैनीचा व्यवहार आहे, असे कुणी म्हणाले तर त्याच्या रागामागची कळकळ मला मान्य आहे. पण निष्कर्ष मान्य नाही. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बेतलेली आहे. दक्षिण पश्चिम घाटात नाकावर उंचवटा असलेला एक लहानसा जंगली चापडा आहे, हिप्नाले. वर्षानुवर्षे तो फारसा धोकादायक मानला जात नव्हता. २००७ मध्ये केरळमधल्या डॉक्टरांनी आणि सर्पदंशाच्या तज्ज्ञांनी पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. हा साप चावल्याने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, मूत्रपिंडे निकामी होतात आणि माणूस दगावू शकतो. रुग्णासोबत आणलेला साप फुरसे समजून काहींना लस दिली गेली होती, तिचा उपयोग झाला नाही. आणलेले साप जपून ठेवले होते आणि जाणकाराने ते नीट तपासले, म्हणून खरे कारण उघड झाले. जंगलातल्या एका दुर्लक्षित लहान सापाची ओळख पटवण्याचे कौशल्य इथे थेट रुग्णाच्या खाटेपाशी उपयोगी पडले. बिनविषारी खापरखवल्या ओळखणारा डोळा आणि विषारी चापडा ओळखणारा डोळा, असे दोन डोळे वेगळे घडत नाहीत. शिवाय सर्पदंशाचे मृत्यू कमी करायचे तर गावाजवळच्या दवाखान्यात लस, प्रशिक्षित डॉक्टर आणि वेळेवर वाहन हवे. त्यासाठीचा पैसा वर्गीकरणशास्त्राच्या तुटपुंज्या तरतुदीमुळे अडलेला नाही.

नमुने गोळा करण्यात जीव जातात, हा आक्षेप प्राणिप्रेमी मंडळी घेतात. पावसाळ्यात बिळांत पाणी भरले की हे साप वर येतात आणि घाटातल्या रस्त्यांवर गाड्यांखाली चिरडले जातात. त्या मृत सापांचाच अभ्यासासाठी उपयोग करण्याची पद्धत रूढ होत आहे आणि ती आणखी वाढली पाहिजे. पण जिथे परवानगी घेऊन मोजके नमुने ठेवणे आवश्यक आहे तिथे ते ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. २०१६ ची जाती सात सापांवर उभी राहिली. रस्ते आणि सपाटीकरण यांच्या हिशेबात सात हा आकडा बसतच नाही.

शेवटचा आक्षेप खुद्द निसर्गरक्षण करणाऱ्यांकडून येतो आणि तो चटकन पटण्यासारखा आहे. जंगल वाचवा, त्यातले सगळे आपोआप वाचेल, प्रत्येक गांडूळखाऊ सापाचे नाव कशाला हवे? जंगल वाचवायला हवे याबद्दल दुमत नाही. प्रश्न असा, की कोणते जंगल? साधने तुटपुंजी आहेत, दबाव मोठा आहे, प्रत्येक वेळी सीमा आखावी लागते, आणि सीमा आपल्याला जे ठाऊक आहे त्यालाच धरून आखली जाते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून निवडली गेली. त्यांतली महाराष्ट्रातली चार : कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. चारही मोलाची. पण या काळ्या सापाचा प्रदेश त्यांच्याही दक्षिणेला गोव्याकडे आणि कर्नाटकाकडे पसरतो, आणि तिथल्या रानाचा बराच भाग खासगी मालकीचा आहे. दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात जुनी राई तुटून रबराची लागवड उभी राहते. आकाशातून पाहिले तर तो पट्टा पूर्वीइतकाच हिरवा दिसतो. हत्तीला तो ओलांडून जाता येईल, पक्ष्याला त्यावरून उडता येईल. जमीन खणून, पालापाचोळा काढून, माती उघडी पाडून केलेल्या लागवडीत ओलसर मातीवर जगणाऱ्या सापाचे मात्र घर जाते, आणि त्याला दुसरीकडे जाण्याचा मार्ग नसतो. उघडे कोरडे रान तो पार करू शकत नाही. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या पुण्यात त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. ज्याचे आयुष्य त्या ओलीशी बांधलेले आहे त्याला डोंगरापलीकडे जायला सांगण्यात अर्थ नाही. वाघ आणि हत्ती यांच्यासाठी आखलेल्या सीमा मातीतल्या जीवांसाठी पुरतीलच असे गृहीत धरता येत नाही, आणि पुरतात की नाही हे तपासायचे तर मातीत कोण राहते हे आधी माहीत हवे.

म्हणून एक मागणी आणि एक विनंती करतो. मागणी विद्यापीठांकडे आहे : प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमात वर्गीकरणाला त्याचे मानाचे स्थान परत द्या. प्रयोगशाळेतल्या यंत्रांसाठी निधी मिळतो. पावसात चार महिने फिरून साप, देवगांडुळे आणि गोगलगायी ओळखणाऱ्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळत नाही, आणि मिळाली तरी पुढे नोकरी नसते. विनंती इथे बसलेल्या प्राध्यापकांना आणि शिक्षकांना आहे. अनेक जुन्या महाविद्यालयांच्या, शाळांच्या कपाटांत फॉर्मॅलिनच्या बाटल्यांत साप आहेत. त्या बाटल्या एकदा बाहेर काढा. चिठ्ठीवर गाव आणि साल लिहिलेले असेल तर ते नव्या कागदावर टिकाऊ शाईने उतरवून घ्या. लिहिलेले नसेल आणि सांगू शकणारे कुणी जुने शिक्षक हयात असतील तर त्यांना आजच विचारा. भारतीय प्राणी सर्वेक्षण या संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आपल्याच आकुर्डीला आहे. ज्या बाटलीतला साप तुम्हाला ओळखता येत नाही, त्याची माहिती तिथे कळवा.